नर हवेतच कशाला?

द रेड क्वीन (इंग्रजी). लेखक : मॅट रिडले. प्रथम प्रकाशन १९९३

कपाशीच्या पानामागचा मावा वर्गात दाखवला, की कुणीतरी विचारतेच : यांच्या माद्या नराशिवाय पिल्ले देतात, तर मग नर हवेतच कशाला? पाठ्यपुस्तके ‘लैंगिक प्रजननामुळे विविधता येते’ एवढे सांगून पुढे सरकतात. रिडले तिथेच थांबतात.

समजा, प्रत्येक मादीची दोनच पिल्ले जगतात. नराशिवाय प्रजनन करणाऱ्या एका मादीच्या दहाव्या पिढीत १०२४ माद्या होतील. नर-मादीची एक जोडी मात्र दहाव्या पिढीतही जोडीच राहील. एवढा तोटा सोसून लैंगिक प्रजनन टिकले कसे? विविधता पुढेमागे उपयोगी पडेल, हे उत्तर पुरत नाही. तोटा आजच होत असतो.

रिडले यांचे उत्तर आहे परजीवी. जो प्रकार संख्येने जास्त, त्याच्यावरच परजीवी तरबेज होतात. म्हणून दर पिढीत जनुकांची जुळणी बदलावी लागते. याचा पुरावा सुरेख आहे. न्यूझीलंडमधील एका गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत नर असलेले आणि निव्वळ माद्यांचे असे दोन्ही प्रकार आढळतात. परिस्थिती लहरी असते तिथे, म्हणजे ओढ्यांत, नर जास्त असावेत असा एक तर्क होता. कर्टिस लाइव्हली यांना ते जास्त सापडले तळ्यांत, जिथे परजीवी कृमी अधिक होते.

वनस्पतींच्या वाट्याला पुस्तकात फार थोडी पाने आली आहेत. वर्गात ही उणीव केळीने भरून काढता येईल. मुनव्यांपासून वाढवलेली ‘ग्रो मिशेल’ ही निर्यातीची जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मर रोगाने बाजारातून गेली. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटावर आता त्याच बुरशीचा नवा प्रकार पडला आहे. जळगावच्या बागा बहुतांशी याच गटातल्या.

उत्तरार्धात लेखक माणसाकडे वळतात : पुरुष कसे, स्त्रिया कशा, सौंदर्य कशासाठी. इथे मात्र पुराव्याची शिस्त ढिली पडते. गोगलगाय मोजून तपासली होती. इथे पटण्याजोगी गोष्ट सांगितली की काम भागते. ‘निसर्गच तसा’ म्हणून ही विधाने मुलामुलींसमोर जाऊ शकतात, त्यामुळे ही ढिलाई मला अधिक खटकली. ही प्रकरणे वर्गात न्यायचीच असतील, तर प्रत्येक दाव्याला विचारावे : इथली तळी कोणती, ओढे कोणते?

मोराच्या पिसाऱ्यापर्यंतची प्रकरणे मात्र शिक्षकांनी जरूर वाचावीत. इंग्रजी फारसे अडत नाही.