कर्त्याविना वाक्य : 'स्ट्रेंज फ्रूट' या गीताच्या अर्थाविषयी

निषेधगीताकडून काही गोष्टी गृहीत धरल्या जातात. अन्याय करणाऱ्याकडे त्यात बोट दाखवलेले असते, अन्याय सोसणाऱ्याची ओळख असते आणि अखेरीस श्रोत्याला आवाहन असते. बिली हॉलिडे यांनी १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'स्ट्रेंज फ्रूट' हे अमेरिकेतील वर्णद्वेषाविरुद्धचे बहुधा सर्वाधिक चर्चिले गेलेले गीत आहे; तथापि या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्यात आढळत नाही. तीन कडवी, बारा ओळी, साधी यमके. 'मी' नाही, मृताचे नाव नाही, मारेकरी नाही, मागणीही नाही. मग या गीतातील निषेध नेमका कोठे आहे? त्याचे उत्तर गीताच्या आशयापेक्षा त्याच्या वाक्यरचनेत अधिक स्पष्टपणे सापडते.

गीताचे मूळ एका कवितेत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात शिक्षक असलेले एबल मीरोपोल यांनी ती लिहिली आणि जानेवारी १९३७ मध्ये ती शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे चालही त्यांनीच दिली. जमावाने केलेल्या हत्येचे, म्हणजे लिंचिंगचे, एक छायाचित्र पाहून आपण दिवसेंदिवस अस्वस्थ होतो असे त्यांनी नंतर सांगितले. इंडियाना राज्यातील मॅरियन येथे ७ ऑगस्ट १९३० रोजी टॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना फासावर लटकवण्यात आले, त्या प्रसंगाचे ते छायाचित्र असावे असे सामान्यतः मानले जाते. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अशा ४,७४३ हत्या झाल्या आणि त्यांतील ३,४४६ बळी कृष्णवर्णीय होते.

कवितेची पहिली खेळी काव्यपरंपरेशी आहे. वृक्ष, फळ, वाऱ्याची झुळूक, मॅग्नोलियाचा गंध ही सामग्री निसर्गकवितेची आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हे सारे शृंगाराचे उद्दीपन विभाव आहेत. येथे मात्र त्यांच्याच शेजारी रक्त लागलेली पाने आणि जळत्या मांसाचा वास येतो आणि बीभत्स उभा राहतो. महत्त्वाचे असे की या दोहोंना यमक एकत्र बांधून ठेवते. यमकामुळे कानाला मिळणारे समाधान आणि अर्थामुळे मनाला बसणारा धक्का एकाच क्षणी येतात. दक्षिणेच्या शालीन, सुगंधी जीवनाचे जे चित्र अमेरिकी लोकप्रिय संस्कृतीने रंगवले होते, त्याच्याच रंगांनी हे दुसरे चित्र काढले आहे.

परंतु यापेक्षा खोल जाणारी बाब व्याकरणाची आहे. पहिल्या कडव्यात झाडाला फळ धरते आणि देह झुलतात. दुसऱ्या कडव्यात तर मुख्य क्रियापदच नाही. केवळ दृश्ये आणि गंध एकामागून एक ठेवले आहेत. दोर कोणी बांधला, आग कोणी लावली, हे कोठेच येत नाही. तिसऱ्या कडव्यात कर्ते प्रथमच उघडपणे कृती करतात. पण ते आहेत कावळे, पाऊस, वारा, ऊन आणि झाड. माणसांनी केलेले कृत्य निसर्गाच्या खात्यावर जमा झाले आहे.

हे व्याकरण मीरोपोल यांच्या कल्पनेतून आलेले नाही. लिंचिंगच्या बळींच्या मृत्यूची चौकशी होई तेव्हा 'अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू' हा ठरीव निष्कर्ष वारंवार नोंदवला जाई. मॅरियनच्या छायाचित्रात जमावातील चेहरे स्पष्ट दिसतात, काही जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. त्याच्या हजारो प्रती विकल्या गेल्या आणि तरीही कोणालाही शिक्षा झाली नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या कर्त्याला वाक्यातून वगळणे ही त्या काळच्या न्यायव्यवस्थेची भाषा होती. गीत तीच भाषा उचलते आणि इतकी ताणते की रिकामी जागा ऐकू येऊ लागते.

छायाचित्र आणि गीत यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. छायाचित्रात झाडाखाली जमाव आहे. गीतातून तो पुसला गेला आहे. परिणामी झाडासमोर उभा राहतो तो एकटा श्रोता. न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी' या क्लबमधील सादरीकरणाने नेमका हाच अर्थ उभा केला. वर्णभेद न पाळणाऱ्या त्या क्लबचे चालक बार्नी जोसेफसन यांनी ठरवले होते की या गीताच्या वेळी वाढपी थांबतील, दिवे मालवले जातील, केवळ गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश राहील आणि गीत संपल्यावर ती पुन्हा मंचावर येणार नाही. मद्याचा पेला हाती घेऊन मनोरंजनासाठी बसलेला श्रोता अशा रीतीने बघ्याच्या जागी आणून सोडला जाई. २० एप्रिल १९३९ च्या ध्वनिमुद्रणातही, जे कोलंबिया कंपनीने नाकारल्याने कमोडोर या छोट्या कंपनीने केले, गायिकेचा स्वर एक मिनिटाहून अधिक काळ येत नाही. नंतर येतो तो आक्रोश न करता. जणू साक्षीदार जबानी देत आहे.

या रचनेवर दोन आक्षेप संभवतात. एक, प्रदेश म्हणून गीत केवळ दक्षिणेचे नाव घेते. मॅरियन तर उत्तरेत आहे. तेव्हा न्यूयॉर्कच्या श्रोत्याला 'हे तिकडचे' म्हणून सुटण्याची वाट मिळते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. दुसरा अधिक गंभीर आहे : माणसाला फळ म्हटल्याने शिप आणि स्मिथ पुन्हा एकदा वस्तू होतात, जमावाने जीव घेतला, रूपकाने नाव घेतले. रूपक शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले असते तर हा आरोप टिकला असता. परंतु गीताच्या अगदी अखेरच्या शब्दात 'फळ' जाऊन 'पीक' येते. फळ रानातल्या झाडालाही धरते. पिकामागे मात्र नांगरणी, पेरणी आणि राखण असते, जमिनीचा मालक असतो. कापसाच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेची आठवण या शब्दात आहे. बारा ओळी टाळलेला कर्ता त्या एका शब्दातून परत येतो, आणि हॉलिडे नेमका तोच शब्द ताणून धरतात.

ज्या वर्षी कविता छापली गेली त्याच वर्षी, १९३७ मध्ये, लिंचिंगविरोधी विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात संमत झाले. पुढल्या वर्षी सेनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी लांबलचक भाषणे करून ते अडवले. लिंचिंगला संघराज्याच्या पातळीवर द्वेषमूलक गुन्हा ठरवणारा कायदा झाला तो मार्च २०२२ मध्ये. गीताचा निषेध या दीर्घ विलंबाच्या संदर्भात वाचला पाहिजे. मारेकऱ्याचे नाव उच्चारून त्याचे समाधान झाले नसते; नाव ठाऊक असूनही वाक्य त्याच्याविना पूर्ण करण्याची जी सवय एका समाजाला लागली होती, ती सवय या गीताने श्रोत्याच्या कानाला प्रथम लावली आणि मग असह्य करून सोडली.