यरीहोची भिंत

विजोड जोडप्यांच्या खेळकर चित्रपटांची गोडी कशात असते, हे फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) दिसते. धनिकाची हट्टी लेक आणि नोकरी गमावलेला वार्ताहर यांना प्रवासात एकाच खोलीत रात्र काढावी लागते. तो मध्ये दोरीवर कांबळे टांगतो आणि त्याला यरीहोची भिंत म्हणतो. सारी गंमत इथेच आहे! भांडता भांडता दोघे एकमेकांना ओळखू लागतात. कांबळे मात्र जागचे हलत नाही. ते पडते विवाहानंतरच, आणि तेही तुतारीच्या नादावर. यहोशवाचे पुस्तक वाचलेल्याला हसू अधिकच येते.

खटकते ते वेगळेच. नायिकेचे आधीचे लग्न तिचे वडील लाख डॉलरचा धनादेश देऊन रद्द करवतात, आणि दिग्दर्शक तेही विनोदातच उरकतो.