‘औषध घेतलंय’ : आपत्कालीन परिभाषेची एक तपासणी

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर खुलताबादकडील एका वस्तीवरून आम्हांला फोन आला. परिचित गृहस्थ घाईघाईने म्हणाले, “सर, भावानं औषध घेतलंय.” आम्ही शांतपणे विचारले, “कोणतं? रक्तदाबाचं? गोळ्या जास्त झाल्या का?” पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग दबक्या आवाजात उत्तर आले, “फवारणीचं.” रसायनांच्या अभ्यासात वीस वर्षे काढलेल्या आम्हांला, आपल्याकडे शेतात ‘औषध’ म्हणजे कीटकनाशक, हे त्या वेळी सुचले नव्हते. भाऊ वेळेत घाटी रुग्णालयात पोहोचला आणि वाचला. त्यात आमचे श्रेय काही नाही.

त्यानंतर आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांसाठी, म्हणजे रुग्णवाहिकेतून रुग्णासोबत जाणाऱ्या प्रशिक्षित मदतनीसांसाठी, वापरली जाणारी काही टिपणे आम्ही मुद्दाम मिळवून वाचली. त्यांच्या सुरुवातीला तीन प्रकरणे ठरलेली असतात : कायदा, नीती आणि वैद्यकीय परिभाषा. ही मांडणी मूळची अमेरिकेतली. तिथे १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक गाजलेला अहवाल निघाला आणि पुढे केंद्रीय वाहतूक खात्याने रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम तयार केला. परिभाषेच्या प्रकरणात ग्रीक-लॅटिन उपसर्गांची कोष्टके असतात. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद.

या कोष्टकांना आमचा विरोध नाही. रुग्णाला डॉक्टरांच्या हवाली करताना ‘हायपोग्लायसेमिया’ या एका शब्दात रक्तातली साखर उतरल्याचे नेमके कळते. आमच्या तक्रारी दोन आहेत. पहिली अशी की, ही परिभाषा तंत्रज्ञाकडून डॉक्टरकडे जाते. रुग्णाकडून तंत्रज्ञाकडे येणारा रस्ता टिपणांत नाहीच. दुसरी अशी की, कायदा, नीती आणि परिभाषा यांचे तीन वेगळे डबे केलेले आहेत. प्रत्यक्षात हे तिन्ही प्रश्न बहुधा एकाच शब्दातून एकदम समोर येतात.

एका शब्दात तीन प्रकरणे

‘औषध’ हाच शब्द घ्या. वैद्यकाच्या दृष्टीने पहिला प्रश्न : कोणते? सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो. त्यावर रुग्णालयात अॅट्रोपिन देतात. इतर विषांचे उपचार वेगळे. म्हणून डबा सोबत न्यायचा. त्यावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवायची नाही.

पण घरच्यांनी ‘विष’ हा शब्द का टाळला? पोलिसांच्या भीतीने. इथे कायद्याचे प्रकरण उघडते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, परंतु त्यासाठी उपचार थांबत नाहीत. हे दोन वाक्यांत सांगता आले तर घरचे खरे बोलतात आणि डबा बाहेर निघतो.

राहिली नीती. वस्तीवर जमलेल्या दहा जणांसमोर “विष घेतलं का?” असे ओरडून विचारायचे की घरातल्या एकाला बाजूला घेऊन? रुग्णाची गुप्तता हा धडा पाठ करून येत नाही. तो याच प्रश्नात शिकायचा असतो.

‘पोलीस केस’

चुकीच्या जागी लावलेला शब्द माणूस मारू शकतो, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदींत आहे. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले असता, ‘वैद्यकीय-न्यायिक’ प्रकरणे इथे घेत नाहीत म्हणून सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्यात आले. तो वाटेतच मरण पावला. या बातमीवरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य. कायद्याचे सोपस्कार नंतर. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तरीही जालना रोडवर अपघात झाला की गर्दीतून ‘पोलीस केस आहे, हात लावू नका’ हे वाक्य ऐकू येतेच. पस्तीस वर्षांत कायदा बदलला, वाक्य बदलले नाही. टिपणांत निकालाचे नाव असते. या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते नसते.

‘झटका’ आणि ‘आचके’

‘हृदयविकाराचा झटका’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी दोन निराळ्या घटनांसाठी वापरून बोथट केला आहे. एकीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. छातीत कळ येते, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला बसवून तत्काळ रुग्णालयात न्यायचे. दुसरीत हृदयाचे पंपाचे कामच थांबते; रुग्ण हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. तिथे छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढांत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, लगेच द्यायचे. दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता अंदाजे ७ ते १० टक्क्यांनी घटते. दोन घटनांना एकच नाव दिल्यावर कृती कशी वेगळी होणार?

याहून घातक शब्द म्हणजे ‘आचके’. हृदय थांबल्यावर काही जण थोडा वेळ तुटक, घरघरीचे श्वास घेतात. कोणी म्हणते, ‘श्वास चालू आहे’ आणि थांबून राहते. कोणी म्हणते, ‘आचके देतोय, संपलं’ आणि तोंडात पाणी घालायला धावते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. तंत्रज्ञाला ‘आचके’ हा शब्द ऐकू येताच हात छातीवर गेला पाहिजे. हा शब्द एकाही कोष्टकात आम्हांला सापडला नाही.

‘इथं सही करा’

संमतीच्या प्रकरणात व्याख्या ठीक असतात. शुद्धीवरील प्रौढाची संमती हवी. बेशुद्धाची, त्याच्या हितासाठी, गृहीत धरता येते. हे तत्त्व आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेतच होते. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसावर सद्हेतूने शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाचे उदाहरणही त्यात दिले होते. आता ही तरतूद न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे. टिपणांतली उदाहरणे मात्र अमेरिकी न्यायालयांतली!

व्यवहारात संमतीचे मराठी भाषांतर ‘सही’ असे झाले आहे. समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. तातडीचे कारण नसताना आईची परवानगी ही रुग्णाची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे समजावून सांगणे आणि समजणे यांना संमती म्हणायचे; सही ही तिची खूण. ज्याला ‘अंगठा लावा’ एवढेच सांगितले, त्याने कशाला संमती दिली?

उलटा कोश

कोणी म्हणेल, मराठी शब्द हवे असतील तर परिभाषा कोश आहेत. आहेत, आणि भाषा संचालनालयाने त्यासाठी मोठे कष्ट घेतले आहेत. न्यायवैद्यक व विषशास्त्राचाही कोश आहे. पण ते इंग्रजीकडून मराठीकडे जातात, आणि ती मराठी लिहिणाऱ्याची असते. रुग्णवाहिकेला उलटा कोश हवा : घाबरलेल्या माणसाच्या तोंडून येणाऱ्या शब्दाकडून वैद्यकीय अर्थाकडे जाणारा. ‘पान लागलं’ म्हणजे साप चावला. चिरू नका, आवळून बांधू नका, हालचाल थांबवा आणि प्रतिविष मिळेल तिथे न्या. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात. पण बाईच्या बाबतीत नुसते ‘अंगावरून जातंय’ म्हणजे स्राव किंवा रक्तस्राव. एका शब्दाच्या फरकाने आजारच बदलला! राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा तिचे केंद्र पुण्यात उभारले गेले. कन्नडच्या बोलीतला फोन पुण्यात घेणाऱ्याला हा कोश किती हवा, ते सांगायला नको.

असा कोश डॉक्टर किंवा भाषातज्ज्ञ एकटे करू शकणार नाहीत. शिक्षकमित्रांनो, तुम्ही आणि तुमचे विद्यार्थी करू शकता. नववी-दहावीच्या मुलांना घरून प्रत्येकी पाच शब्द आणायला सांगा : आजी चक्कर येण्याला काय म्हणते, फेफऱ्याला काय, विंचू चावल्यावर काय. वर्गात तीन रकाने आखा : घरचा शब्द, वैद्यकीय अर्थ, पहिली कृती. तिसरा रकाना गावातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि तक्ता शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. पहिल्या ओळीत ‘औषध’ लिहावे, ही आमची विनंती. तो शब्द आम्ही एकदा चुकीचा वाचला आहे.