वेस कोणी आखायची?

‘वेगळे होणे’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडचा पुरोगामी विचारवंत दचकतो. दलितांनी आपले साहित्य वेगळे म्हटले तेव्हा त्याला साहित्यात फूट दिसली. वेगळा पक्ष काढला तेव्हा राजकारणात फूट दिसली. १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने दलितांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव केला. आजही त्या ठरावाची आठवण काढली की ‘हा तर अलगतावाद’ हे उत्तर तयार असते. हे उत्तर तपासून पाहावे म्हणून मी अमेरिकेतील दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचतो आहे.

अमेरिकाच का, असे कोणी विचारील. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांची आत्मकथने वाचली, त्यांचा संताप आपला मानला. पण त्यांच्या नगरपालिकेचा जमाखर्च आपण क्वचितच वाचला. माझ्या मते तोही वाचायला हवा. शोषणाचा खरा मजकूर पुष्कळदा कवितेपेक्षा जमाखर्चाच्या वहीत सापडतो.

पहिले प्रकरण बॉस्टनचे. रॉक्सबरी हे एकेकाळी स्वतंत्र शहर होते. १८६८ साली ते बॉस्टनमध्ये विलीन झाले. विसाव्या शतकात तेथे काळ्यांची वस्ती वाढली. बँकांनी तिला कर्ज नाकारले. महामार्गासाठी घरे पाडली, आणि १९७२ साली तो महामार्गच रद्द झाला. मोकळ्या जागा तशाच राहिल्या. १९७४ साली न्यायालयाने शाळांतील वर्णभेद मोडण्याचा आदेश दिला, तेव्हा काळ्या मुलांच्या बसवर गोऱ्या जमावाने दगड फेकले. या अनुभवातून १९८६ साली अँड्र्यू जोन्स आणि कर्टिस डेव्हिस यांनी मागणी पुढे आणली: रॉक्सबरी आणि लगतचे विभाग, म्हणजे बॉस्टनचा सुमारे पाव भूभाग, वेगळा करा आणि त्याचे नवे शहर करा. शहराचे नाव ठरले ‘मंडेला’. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगात होते.

४ नोव्हेंबर १९८६ रोजी त्या विभागांतील मतदारांपुढे हा प्रश्न सल्लादाखल ठेवला गेला. सुमारे तीनास एक अशा मतांनी तो फेटाळला गेला. १९८८ साली पुन्हा मांडला, पुन्हा पडला.

नावाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळल्या. १९९४ साली नामविस्तार झाला. म्हणून ‘मंडेला’ या नावाला मी शोभेचे म्हणणार नाही. पण त्या मागणीकडे नाव होते, नकाशा होता; तिजोरीचे पटण्याजोगे उत्तर नव्हते. महापौर रेमंड फ्लिन आणि कित्येक काळे धर्मगुरूसुद्धा विचारीत होते, शहर चालवायला पैसा कोठून आणणार? प्रश्न खोटा नव्हता. पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारायचा? या वस्तीचे उत्पन्न इतके तुटपुंजे कोणी ठेवले? ज्या व्यवस्थेने वस्तीला कंगाल केले, तिच्या छत्राखालीच राहण्याचे कारण म्हणून पुन्हा तीच कंगाली पुढे केली गेली. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पाटील जमीन देत नाही, आणि ‘गाव सोडून जाशील तर खाशील काय’ असेही पाटीलच विचारतो.

दुसरे प्रकरण लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहराचे. माँटगोमेरीच्या दोन वर्षे आधी, १९५३ साली, येथील काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला होता. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा येथला खटला १९५६ साली सुरू झाला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. याच शहराला लागून असलेल्या, बहुसंख्य गोऱ्या आणि सुस्थित भागातून २०१२-१३ च्या सुमारास स्वतंत्र शाळामंडळाची मागणी आली. विधिमंडळाने ती मान्य केली नाही, तेव्हा मागणी बदलली: मग आम्हाला वेगळे शहरच द्या. नाव सेंट जॉर्ज. २०१५ साली अर्जाला ७१ सह्या कमी पडल्या. मग सरहद्द आखडून नवा नकाशा काढला. त्यातून गरीब आणि काळ्यांच्या भाडेकरू वसाहती वगळल्या, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी ५४ टक्के मतांनी ठराव जिंकला. मत फक्त नव्या रेषेच्या आतल्यांना होते. रेषेबाहेर राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. खालच्या न्यायालयाने २०२२ साली नकार दिला, पण २६ एप्रिल २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने शहराला मान्यता दिली. ज्या बॅटन रूजमध्ये निम्म्याहून अधिक लोक काळे आहेत, त्याच्या कुशीला सुमारे ८६ हजारांचे नवे शहर उभे राहिले. त्यात काळ्यांचे प्रमाण साधारण १२ टक्के.

या मागणीची भाषा पाहण्यासारखी आहे. तिच्यात वर्णाचे नाव नाही. ‘आमचा कर’, ‘आमच्या शाळा’, ‘स्थानिक नियंत्रण’ असे निर्मळ शब्द आहेत. समीक्षक म्हणून माझे लक्ष जाते ते न लिहिलेल्या शब्दाकडे. आपल्याकडे घर भाड्याने देताना ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ असे लिहितात. जात लिहावी लागत नाही. सेंट जॉर्जसाठी मत देणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेष्टा होता असे मी म्हणणार नाही. मुलाच्या शाळेविषयीची चीड खरी असू शकते. पण अशा रचनेला द्वेषाची गरज नसते. रेषा एकदा आखली की पैसा आपोआप एका बाजूला आणि गरजू मूल दुसऱ्या बाजूला राहते.

आता नागपूरच्या ठरावाकडे वळू. त्यात आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांची मांडणी स्पष्ट आहे. गावात दलित संख्येने थोडा, जमिनीवाचून आणि सवर्णांवर अवलंबून. म्हणून सरकारी पडीक जमिनीवर त्याच्या स्वतंत्र वसाहती करा, त्यासाठी वसाहत आयोग नेमा. येथे दलित गावाचे काय घेऊन जातो? गावाची विहीर नेत नाही, तिजोरी नेत नाही. नेतो ते फक्त आपले दोन हात. गावाचे नुकसान होते ते फुकटच्या राबणुकीचे. सेंट जॉर्ज वेगळे होते ते सामायिक जबाबदारीतून सुटण्यासाठी. दलित वेगळा होऊ पाहतो तो वेठीतून सुटण्यासाठी. शब्द एकच आहे, दिशा उलट्या आहेत. दोघांना ‘अलगतावादी’ ठरवणारी समीक्षा आंधळी आहे.

मग १९३६ साली जातिनिर्मूलन मांडणाऱ्याने १९४२ साली वेगळी वसाहत मागावी, ही विसंगती नव्हे काय? मला ती तशी वाटत नाही. समता ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याशीच होऊ शकते. ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याच्याशी होते ती फक्त दया.

मात्र एक इशारा स्वतःच्या चळवळीलाही द्यायला हवा. जमिनीवाचून वेगळी वस्ती म्हणजे जुनाच महारवाडा. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण नाव बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही, आणि कसायला जमीनही मिळत नाही.

रॉक्सबरीचा पुढचा धडा येथे उपयोगी आहे. तेथील डडली स्ट्रीट भागातील रहिवाशांनी १९८४ साली आपली संघटना बांधली. ज्या १९८८ साली ‘मंडेला’ दुसऱ्यांदा हरले, त्याच वर्षी या संघटनेला आपल्या भागातील ओस पडलेले खाजगी भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळाला. वेगळे शहर झाले नाही, पण जमिनीवर हात पडला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेही याच जाणिवेतून.

म्हणून आपल्या वस्तीसाठी वेगळी ग्रामपंचायत मागणाऱ्या कार्यकर्त्यांना मी ‘मागू नका’ असे म्हणणार नाही. जरूर मागा. पण अर्जासोबत तीन गोष्टी मागा: गायरानाचा सातबारा, पाण्याचा हक्क आणि करात न्याय्य वाटा. आणि शेजारचा एखादा सुखवस्तू भाग ‘स्वशासना’चे नाव घेऊन आपल्याला बाहेर ठेवणारी रेषा आखू लागला, तर ती रेषा आपल्या मताशिवाय आखली जाऊ देऊ नका.