‘मागेल त्याला काम’ : घोषणा आणि कलम

विधिमंडळाच्या सदस्याचे कर्तृत्व आपण बहुधा त्याच्या भाषणांवरून जोखतो. समितीतील चर्चा, मसुद्यातील शब्दांची निवड आणि मतभेद मिटविण्याची खटपट यांची नोंद चरित्रग्रंथांत क्वचितच सापडते. वि. स. पागे यांना ‘रोजगार हमीचे जनक’ म्हटले की विवेचन संपले, असे समजण्याची प्रवृत्ती याच सवयीतून आली आहे. परंतु गौरव म्हणजे मूल्यमापन नव्हे.

पागे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने पक्षनिरपेक्ष राहावे असा संकेत आहे. मंत्र्याप्रमाणे शासनाच्या वतीने विधेयक मांडणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे तासगाव तालुक्यातील विसापूरचा प्रयोग, त्यावरून सिद्ध केलेली योजना आणि सर्व पक्षांचे मन वळविणे, एवढीच साधने त्यांच्या हाती होती. १९७२ मध्ये योजना सुरू झाली. १९७५ च्या व्यवसाय कराने तिला पैसा मिळाला. नगरातील पगारदाराच्या वेतनातून खेड्यातील मजुराची मजुरी उभी राहिली. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. तेव्हा पागे सभापतिपदावर नव्हते.

या कायद्याचे खरे नावीन्य त्याच्या वाक्यरचनेत आहे. दुष्काळी कामांच्या परिभाषेत शासन ‘काम काढते’ आणि मजूर त्यावर ‘लावला जातो’. शासन कर्ता, मजूर कर्म. ‘मागेल त्याला काम’ या शब्दांत मजूर प्रथमच ‘मागणे’ या क्रियेचा कर्ता झाला. मात्र त्याच घोषणेत देणारा कोण, हे अध्याहृत आहे. घोषणेला हा अध्याहार शोभतो. कायद्याला तो परवडत नाही. अधिनियमाने ती जागा भरली. जिल्हाधिकाऱ्यावर अंमलबजावणीची जबाबदारी टाकली, पंधरा दिवसांची मुदत घातली आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता देय ठरविला.

पण येथेच उणीवही दिसते. ‘मागेल त्याला’ या व्यापक पदाचा संकोच होऊन ग्रामीण भागातील, प्रौढ, अकुशल अंगमेहनत करू इच्छिणारी व्यक्ती एवढाच अर्थ उरला. भत्त्याची किमान मर्यादा दिवसाला अवघा एक रुपया होती. इतक्या अल्प दंडाने कोणत्या शासनाला धाक वाटावा? शिवाय मुदत मोजावयाची ती मागणीच्या नोंदणीपासून. ज्या निरक्षर मजुराची मागणी कागदावर उतरलीच नाही, तो कायद्याच्या दृष्टीने ‘मागणारा’ ठरत नाही. क्रियापद त्याचे, परंतु त्याची नोंद दुसऱ्याच्या हाती, हे या कायद्यातील मूलभूत वैगुण्य होय.

विधिमंडळाच्या रोजगार हमी समितीचे महत्त्व या संदर्भात कळते. कामावर जाऊन पाहणी करणे, अधिकाऱ्यांची साक्ष घेणे, हजेरीपट व मजुरी ताडून पाहणे, ही कामे घोषणेइतकी आकर्षक नाहीत. तरीही कलम आणि व्यवहार यांतील अंतर तेथेच मोजले जाते.

२००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता. पागे यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ते केवळ घोषणेला देऊ नये. याचना करणाऱ्याला हक्काने मागणारा बनविणारे वाक्य कायद्यात आणण्यासाठी त्यांनी जी दीर्घ, अबोल खटपट केली, तिला ते द्यावे.