पकडणे, पचवणे आणि पोसले जाणे

१८७४ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राने मादागास्करमधील एका नरभक्षक झाडाची हकीकत छापली. ते झाड काल्पनिक होते, तरीही ती हकीकत पुढे कित्येक वर्षे खरी म्हणून सांगितली गेली. दुसऱ्याच वर्षी, १८७५ मध्ये, चार्ल्स डार्विनचे ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात थरार नाही. वनस्पती कीटक ‘खाते’ असे म्हणण्यापूर्वी काय काय सिद्ध करावे लागते, याचा तो चिकाटीने घेतलेला शोध आहे. शिक्षकाने हे पुस्तक वाचावे ते यासाठी.

१८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात डार्विनने ड्रॉसेराची, म्हणजे दवबिंदूची, बारा रोपे सहज उचलली. त्यांवर पूर्ण उमललेली ५६ पाने होती आणि त्यांपैकी ३१ पानांवर मेलेले कीटक किंवा त्यांचे अवशेष होते. पण चिकटणे म्हणजे खाणे नव्हे. फणसाच्या चिकातही माशी अडकते. म्हणून पुढचा प्रश्न असा, की पानाला अन्न ओळखता येते का? साखर, डिंक, स्टार्च, ऑलिव्ह तेल अशा नत्रविरहित द्रवांचे थेंब त्याने ६१ पानांवर टाकले. एकाही पानाचे केस वाकले नाहीत. दूध, अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग, मांसाचा अर्क अशा नत्रयुक्त द्रवांनी मात्र ते वाकले.

मग पचनाचा प्रश्न. अंड्याच्या शिजवलेल्या पांढऱ्याचे बारीक चौकोनी तुकडे पानावर ठेवले, तर त्यांचे कोपरे विरघळून गोल होत. त्यावर अल्कली टाकून आम्ल नाहीसे केले की पचन थांबे आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की पुन्हा सुरू होई. आपल्या जठरातील पचनाशी असलेले साम्य एवढ्या साध्या साधनांनी दाखवलेले क्वचितच आढळेल.

पुस्तकात दोषही आहेत. निम्म्याहून अधिक प्रकरणे एकट्या ड्रॉसेरावर असल्याने प्रयोगांच्या नोंदी वाचताना दमछाक होते. युट्रिक्युलॅरियाच्या फुग्यांत जलजीव स्वतःच डोके खुपसून शिरतात, असे डार्विनला वाटले. ते चूक ठरले. फुगा आतील पाणी बाहेर टाकून ताणलेला राहतो आणि दार उघडताच एका मिलिसेकंदाहून कमी वेळात भक्ष्य आत ओढून घेतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे, कीटक पचवल्याने झाडाचे खरोखर भले होते का, याचा थेट पुरावा पुस्तकात नाही. तो पुत्र फ्रान्सिस डार्विन याने १८७८ मध्ये दिला. दोन गटांतील रोपांपैकी एकाच गटाला त्याने भाजलेल्या मांसाचे कण दिले. त्या गटाला बिया कितीतरी अधिक धरल्या.

आपल्या वर्गात या विषयाची गाडी बहुधा ‘घटपर्णी, दवबिंदू, जमिनीत नत्र कमी’ एवढ्यावर थांबते. उत्तर बरोबर आहे. पण ते कसे कळले हे गाळले, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याच्यात आणि मादागास्करच्या झाडात फरक काय उरला? दोन्ही गोष्टी तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूनच स्वीकारतो.

पावसाळ्यात आपल्या सड्यांवर दवबिंदू उगवतो. कासच्या पठारावर सीतेची आसवे, म्हणजे युट्रिक्युलॅरियाच, जांभळी पसरतात. एकही रोप न उपटता, पानाला हात न लावता, विद्यार्थ्यांना दवबिंदूची पाने मोजू द्यावीत: किती पाने, किती पानांवर कीटक? आणि मग विचारावे, एवढ्यावरून झाड कीटक खाते असे म्हणता येईल का? ‘नाही’ असे उत्तर देऊन जो विद्यार्थी कारण सांगेल, त्याला हा धडा समजला.