‘निरुपद्रवी’ पुस्तकांविषयी

आपल्या टीकावाङ्मयात काही विशेषणे अशी आहेत की ती दिसायला स्तुतीची आणि असायला निकालाची असतात. ‘सोज्वळ’ हे त्यांतले एक आणि ‘निरुपद्रवी’ हे त्याचे थोरले भावंड. एखाद्या कादंबरीला सोज्वळ म्हटले की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची जबाबदारी संपते. ती घरात कुठेही उघडी टाकावी, सासूने वाचावी, सुनेने वाचावी, शाळेच्या बक्षीस-समारंभात वाटावी. तिची चर्चा मात्र करू नये. संतांवरच्या आणि पेशवाईवरच्या भाविक कादंबऱ्यांचेही तेच. त्या वाचणारे पुष्कळ, त्यांच्यावर गंभीरपणे लिहिणारे थोडे, आणि लिहिणाऱ्यांत त्या मनापासून वाचलेले त्याहून थोडे.

मला ही पुस्तके आवडतात. जिवाला विसावा म्हणून मी ती वाचते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण आवडत्या माणसाला आपण जसे दोन प्रश्न अधिक विचारतो, तसे ते या पुस्तकांनाही विचारले पाहिजेत असे मला वाटते. त्यांना प्रश्नच न विचारणे हा त्यांचा आणि त्यांच्या वाचकांचा अपमान आहे.

आधी वंशावळीकडे पाहू. सोज्वळ प्रेमकथा आणि धर्मश्रद्धेची कथा या जणू खऱ्या कादंबरीच्या पंक्तीला मागाहून येऊन बसलेल्या आगंतुक, असे आपल्याकडे बोलले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि ती उघडउघड धर्मप्रचारासाठी लिहिलेली आहे. लेखकाने स्वतः तीनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पाठोपाठ १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. सद्गुणी नायिका, दुष्टांचे कपट, ताटातूट आणि शेवटी मीलन असा तिचा सगळा थाट. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने ऐतिहासिक कादंबरीचा दरवाजा उघडला. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत श्रद्धा, प्रेम आणि इतिहास ही तिन्ही माणसे या घरात राहायला आलेली होती. बाकीचे सारे पाहुणे त्यांच्या मागून आले.

आणि वाचक तर त्याहूनही जुना. संतांच्या आयुष्यावरची कादंबरी हातात घेणारी बाई ही महिपतीच्या श्रोत्यांची थेट वारस आहे. ताहराबादच्या महिपतीने ‘भक्तिविजय’ पुरा केला शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली. तेव्हापासून ते चावडीवर, देवळात आणि माजघरात वाचले जात आले. श्रोत्यांना प्रत्येक आख्यानाचा शेवट ठाऊक असे. कीर्तनात बुवा उत्तररंगाला उभे राहिले की पुढे काय होणार हे मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही माहीत असते; तरी कोणी उठून जात नाही. ‘पुढे काय झाले’ ही उत्सुकता नसतानाही कथा धरून ठेवते, ती कशाच्या बळावर? माझ्या मते ‘कसे सोसले’ या एका प्रश्नाच्या बळावर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्या वर येईपर्यंत तेरा दिवस तो माणूस नदीकाठी कसा बसला असेल, हे ऐकायला आम्ही पुनःपुन्हा येतो.

गो. नी. दांडेकरांना हे पक्के कळले होते. ‘मोगरा फुलला’ काय, ‘तुका आकाशाएवढा’ काय, संतचरित्राची कादंबरी लिहिताना चमत्काराचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असलाच पाहिजे. चमत्कार नाकारला तर भाविक वाचक दुरावतो. नुसता सांगून टाकला तर कादंबरीची पोथी होते. यातून वाट निघते ती माणसाच्या बोलीतून आणि वाटेवरच्या धुळीतून. हा लेखक कोवळ्या वयात घर सोडून निघालेला, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिलेला, नर्मदेची परिक्रमा केलेला. श्रद्धेने पायाला पडणारे घट्टे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून त्यांचे संत मखरात बसत नाहीत, चालतात. ज्यांना ही सोय नसते ते लेखक पहिल्या पानापासून नायकाच्या डोक्यामागे प्रभावळ लावतात आणि मग चारशे पाने तिला तेल घालत बसतात. असली पुस्तके भाविक नव्हेत. ती आळशी असतात.

ठाण्यात वाङ्मयाचा विषय निघाला की विनायक लक्ष्मण भाव्यांचे नाव घ्यावेच लागते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या या गृहस्थांनी महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांत अडकलेली पोथ्यांची दौलत उलगडण्यासाठी कष्ट घेतले, आणि १८९३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने येथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. आम्ही कोपरीची माणसे स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जातो ती बहुधा बँकेच्या, बाजाराच्या नाही तर पुस्तकाच्या कामाला. पूर्वेला आमच्याकडे जुने गावठाण, फाळणीनंतर येऊन वसलेली सिंधी वस्ती आणि चाळी पाडून उठलेल्या इमारती. या इमारतींतून दुपारच्या वेळी जी पुस्तके वाचली जातात त्यांचा हिशेब कोणत्याच परिसंवादात मांडला जात नाही. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, रणजित देसाई, ना. स. इनामदार, शिवाजी सावंत. प्रती इतक्या हाताळलेल्या की बांधणी दोनदा बदललेली. अलीकडे काही जणी हीच पुस्तके लोकलमध्ये कानाला यंत्र लावून ऐकतात. म्हणजे दोनशे वर्षांनी त्या पुन्हा श्रोत्या झाल्या. महिपतीला बरे वाटले असते.

प्रेमकथेकडे येते. ना. सी. फडक्यांनी मराठी प्रेमकथेला रूप दिले, टापटीप दिली. ‘प्रतिभासाधना’त तिचे तंत्रही सांगितले. वाचकाला आनंद देणे हे कलेचे प्रयोजन, हा त्यांचा सिद्धान्त आणि त्यावरून खांडेकरांशी झालेला वाद सर्वश्रुत आहे. तो वाद मी येथे उकरून काढत नाही. माझी तक्रार आनंदाविषयी नाहीच. माझी तक्रार स्वस्त आनंदाविषयी आहे. सोज्वळ प्रेमकथा लिहिणे हे वाटते तितके सोपे नाही, हे मी या कामात हात पोळलेली बाई म्हणून सांगते. नायक-नायिकेला एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी एक पत्र हरवले, एक गैरसमज झाला, एक खाष्ट आत्या आणली की पाने भरतात. पण त्यात कोणाचा शब्द पणाला लागत नाही. शुद्धता म्हणजे काही गोष्टी न लिहिणे, एवढाच अर्थ धरला तर कोरा कागद सर्वांत शुद्ध ठरेल.

मराठीतला सर्वांत गोड संसार कोणत्या कादंबरीत आहे असे मला विचारले तर मी ‘पण लक्षात कोण घेतो’ हे नाव घेईन. ऐकणारे दचकतात. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी म्हटली की विधवेचे हाल आठवतात, केशवपन आठवते. पण त्याच्या आधी मुंबईतले ते बिऱ्हाड आहे. शिकवणारा नवरा आहे, शिकताना फुलणारी यमू आहे, दोघांनी मिळून मांडलेला लहानसा स्वतंत्र संसार आहे. इतके निर्मळ, इतके चोरटे सुख त्या काळच्या मराठीत दुसरीकडे मला आढळलेले नाही. आणि ही कथा १८९० पासून क्रमशः छापली गेली त्या साप्ताहिकाचे नाव काय, तर ‘करमणूक’! रंजनासाठी उघडलेल्या पानात हरिभाऊंनी हे घातले. आधी त्यांनी वाचकाला त्या बिऱ्हाडात नेऊन बसवले, आणि तो तिथे रमल्यावरच पुढचे दाखवले. सुख खरे होते म्हणून दुःख खरे वाटले. पदमनजींच्या कादंबरीची नायिकाही यमुनाच, आणि तीही वैधव्यात पडते. धर्माच्या नावाने लिहिलेली पहिली कादंबरी आणि करमणुकीच्या नावाने छापलेली ही थोर कादंबरी, दोघींनी एकच विचारले: नवरा मेल्यावर या बाईने जगायचे कसे?

हा प्रश्न मनात ठेवून मी ‘स्वामी’कडे वळते.

रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ ची. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, १९८७ मध्ये ती दूरदर्शनवर मालिका होऊन घरोघर पोहोचली. या एका पुस्तकात आपल्या विषयाच्या तिन्ही धारा मिळतात: इतिहास आहे, देवभक्ती आहे, आणि रमा-माधवाचे हळुवार दांपत्य आहे. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे अंगावर घेणारा, पानिपताने मोडलेले राज्य उभे करणारा आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने संपणारा हा तरुण. त्याच्या भक्तीलासुद्धा कसोटी होती. पेशवे जपजाप्यात गढून राज्यकारभार खोळंबवू लागले तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना स्पष्ट सुनावले, ही कथा इतिहासात प्रसिद्ध आहे: ब्राह्मणधर्मच पाळायचा असेल तर गादी सोडून गंगाकाठी चला, राज्य करायचे असेल तर प्रजेचे रक्षण हीच उपासना. श्रद्धेला कर्तव्याने प्रश्न विचारला, आणि श्रद्धेने ऐकून घेतले. भाविक ऐतिहासिक कादंबरीला याहून उत्तम बीज कोणते हवे?

पण हा प्रश्न पुरुषाच्या श्रद्धेला विचारला गेला. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात माधवराव गेले आणि मुळा-मुठेच्या काठी रमाबाई सती गेल्या. तिच्या श्रद्धेला कोणी रामशास्त्री भेटला नाही. कादंबरीही तेथेच संपते, आणि आपण रडतो. मी तीनदा वाचली, तीनदा रडले. रडून झाल्यावर मन हलके होते, भरून पावल्यासारखे वाटते. ते समाधान मला हल्ली टोचते. त्या दोघांची जोडी अभंग राहिली, प्रेम पूर्ण झाले, अशा भावनेने आपण पुस्तक मिटतो; आणि ती पूर्णता कशाने विकत घेतली हे मिटलेल्या पुस्तकात राहून जाते.

यावर उत्तर ठरलेले आहे: लेखकाने काय करावे, इतिहासच तसा आहे. अगदी मान्य. रमाबाईंना जगवा असे मी म्हणत नाही. तसे करणारा लेखक खोटारडा ठरेल. पण इतिहास म्हणायचा तर तो सगळा घ्या. त्याच घराण्यात गोपिकाबाई १७६१ मध्ये विधवा झाल्या आणि पुढे पंचवीस वर्षांहून अधिक जगल्या, राजकारणात मन घालीत, मुलावर रागावत, नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या त्या पती मेला हे मानायला तयारच नव्हत्या. त्यांनी वैधव्य पत्करले नाही, आणि पुढे भाऊसाहेबांच्या तोतयाने सारे पुणे हलवले तरी १७८३ पर्यंत त्या तशाच जगल्या. तिकडे होळकरांकडे १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, अहिल्याबाई सती निघाल्या, आणि मल्हाररावांनी त्यांना अडवले. त्या अडवण्यातून देशाला काय मिळाले ते काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट आणि देवळे सांगतात. म्हणजे रमाबाईंच्या समोर, त्यांच्या हयातीत, जगण्याच्या निदान तीन तऱ्हा होत्या. या बायकांची नावे वाचकाच्या मनात जागी ठेवून जर ती शेवटची पाने लिहिली गेली असती, तर आपण तितकेच रडलो असतो. पण हलके होऊन उठलो नसतो. आणि मला वाटते, कादंबरी त्यामुळे अधिक भाविक झाली असती, कमी नव्हे.

हे पुस्तकातले शिकलेल्यांनाच कळते, साध्या वाचकाला नाही, असा एक समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या इमारतीतल्या एक काकू, सत्तरीच्या पुढच्या, ‘स्वामी’ दर दोन-तीन वर्षांनी वाचतात. एकदा त्यांची प्रत चाळताना लक्षात आले की बाकी सारे पुस्तक मऊ पडले आहे आणि शेवटचा थर कोरा करकरीत. मी विचारले, तर म्हणाल्या, “तिथं थांबते मी, बाई. त्याचं दुखणं वाचते, तिचं जाणं नाही वाचत. मला ते बघवत नाही, आणि बघून बरं वाटतं म्हणणारीही मी नाही.” ‘निरुपद्रवी’ पुस्तकांच्या ‘साध्या’ वाचकाने केलेली ही टीका मी छापील मजकुरात कोठे वाचलेली नाही. त्यांचे पुस्तकावर प्रेम आहे, म्हणून त्या ते पुन्हा वाचतात. आणि त्यांना ते पटलेले नाही, म्हणून त्या एका ठिकाणी थांबतात. दोन्ही गोष्टी एकाच हाताने होतात.

गेल्या श्रावणात मी त्यांना हरिभाऊंची यमू नेऊन दिली. पुस्तक महिनाभर परत आले नाही. मग एका संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या, पिशवीतून ते काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “हे शेवटपर्यंत वाचलं. दुसरा भाग आहे का हिचा?”